एका नावाची दोन मॉड्यूल्स असली की पायथन कोणतं उचलतो?

रँडम.पाय नावाची एक नवी फाइल बनवा, त्यात फक्त या दोन ओळी टाका आणि चालवा:

इम्पोर्ट रँडम
प्रिंट(रँडम.रँडइंट(१, ६))

दोन्ही ओळी बरोबर आहेत, स्पेलिंग बरोबर आहे, तरी एरर येतो की रँडम मॉड्यूलमध्ये रँडइंट नावाचं काही नाहीच. (मॉड्यूल म्हणजे इम्पोर्ट करून वापरता येणारा कोडचा गठ्ठा, बहुतेक वेळा एक फाइल; रँडम हे पायथनसोबतच येतं आणि रँडइंट हे त्यातलं फंक्शन.) मग माणूस पायथन परत इन्स्टॉल करतो, व्हर्जन बदलतो, एडिटर बदलतो, आणि खरा घोळ मात्र त्याने स्वतः ठेवलेल्या फाइलच्या नावात असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

लोक नेहमी विचारतात की दोन मॉड्यूल्सची नावं एकमेकांना भिडली तर पायथन निवाडा कसा करतो. तर तो निवाडा करतच नाही. एका नावाची दोन मॉड्यूल्स आहेत हेच त्याला कळत नाही. तो एका ठरलेल्या क्रमाने शोधत जातो, त्या नावाचं पहिलं जे काही सापडेल ते उचलतो आणि तिथेच थांबतो, पुढे त्याच नावाचं अजून काही पडलंय का हे बघायला तो जातच नाही, त्यामुळे वॉर्निंग वगैरे देण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे खरा प्रश्न एवढाच की शोधायचा क्रम काय. तो एकदा डोक्यात बसला की यातले बहुतेक विचित्र एरर वाचता येतात.

इम्पोर्ट लिहिलं की पायथन सगळ्यात आधी डिस्ककडे जात नाही. तो बघतो सिस.मॉड्यूल्स नावाच्या डिक्शनरीत. प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून जे जे मॉड्यूल लोड झालं ते तिथे नावाने ठेवलेलं असतं, नाव सापडलं की काम संपलं, तेच परत मिळतं. तिथे नसेल तर तो एकेका शोधणाऱ्याला विचारतो, यांना फाइंडर म्हणतात. पहिला फाइंडर बिल्ट-इन मॉड्यूल्सचा, म्हणजे जी पायथनच्या एक्झिक्युटेबलच्या आतच कंपाइल केलेली असतात. दुसरा फ्रोझन मॉड्यूल्सचा, तीही आतच भरलेली, फक्त बाइटकोडच्या, म्हणजे आधीच भाषांतर करून ठेवलेल्या कोडच्या, रूपात. आणि तिसरा जातो सिस.पाथ नावाच्या यादीतल्या फोल्डरांमधून, वरून खाली, एकेक करत. आपलं रोजचं सगळं जग या तिसऱ्याच्या ताब्यात असतं.

आता सिस.पाथ मध्ये काय असतं ते बघा, कारण सगळी गंमत इथेच आहे. पायथन फाइल चालवली तर यादीत पहिला नंबर त्या स्क्रिप्टच्या स्वतःच्या फोल्डरचा. त्यानंतर पायथनपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधले फोल्डर, कोणी सेट केलं असेल तर. मग स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे पायथनसोबतच येणारी मॉड्यूल्स. आणि सगळ्यात शेवटी साइट-पॅकेजेस, जिथे पिप या इन्स्टॉल करायच्या टूलने आणलेला माल असतो. म्हणजे तुमचं फोल्डर स्टँडर्ड लायब्ररीच्याही आधी येतं! त्यामुळे तुम्ही टोकन.पाय, कॉपी.पाय, क्यू.पाय, टाइप्स.पाय असं काहीही साधंसुधं नाव ठेवलं की त्या प्रोग्रॅमपुरतं पायथनचं तेच नाव झाकलं गेलं. याला शॅडोइंग म्हणतात. स्टँडर्ड लायब्ररीतली फाइल कुठे जात नाही, ती जिथे होती तिथेच असते, फक्त तिच्यापर्यंत कोणी पोचत नाही.

आता वरचं रँडमचं उदाहरण सावकाश चालवून बघू, कारण त्यात दोन गोष्टी एकदम घडतात. तुम्ही रँडम.पाय चालवली तेव्हा ती फाइल सिस.मॉड्यूल्समध्ये रँडम या नावाने जात नाही, तिचं नाव तिथे __मेन__ असतं. पहिल्या ओळीवर इम्पोर्ट रँडम आलं, पायथनने डिक्शनरीत रँडम शोधलं, नाही मिळालं, बिल्ट-इनमध्ये नाही, फ्रोझनमध्ये नाही, मग यादीतल्या पहिल्या फोल्डरमध्ये गेला आणि तिथे बसलीये तुमचीच रँडम.पाय. ती त्याने उचलली, एक रिकामं मॉड्यूल बनवून रँडम नावाने डिक्शनरीत ठेवलं आणि मग फाइल पहिल्या ओळीपासून चालवायला घेतली, म्हणजे तीच फाइल दुसऱ्यांदा. तिच्या पहिल्या ओळीवर परत इम्पोर्ट रँडम, यावेळी डिक्शनरीत नाव आहे, म्हणून ते अर्धवट बनलेलं मॉड्यूल लगेच हातात मिळालं. दुसऱ्या ओळीवर त्यात रँडइंट शोधलं, ते कुठून असणार, आणि प्रोग्रॅम पडला. म्हणून ३.१३ च्या आधीच्या काही व्हर्जनमध्ये या एररच्या शेपटीला लिहून येतं की मॉड्यूल अर्धवट इनिशियलाइझ झालंय, बहुतेक सर्क्युलर इम्पोर्ट असावा. तांत्रिकदृष्ट्या ते खरंच होतं, फाइल स्वतःलाच इम्पोर्ट करत होती, पण नवीन शिकणाऱ्याला त्या वाक्यातून काडीचाही बोध व्हायचा नाही. २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ ने हे शेवटी सुधारलं, आता एररमध्येच सरळ सांगतात की या या फाइलचं नाव बदला, कारण स्टँडर्ड लायब्ररीत याच नावाचं मॉड्यूल आहे आणि इम्पोर्ट सिस्टिम तुमच्या फाइलला आधी मान देते. एवढं साधं वाक्य यायला इतकी वर्षं का लागली देव जाणे.

याहून वाईट प्रकार म्हणजे जेव्हा झाकलेलं नाव तुम्ही स्वतः वापरतच नसता. समजा प्रोजेक्टमध्ये मेल पाठवायचा कोड आहे म्हणून तुम्ही फाइलला नाव दिलं ईमेल.पाय. शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये कुठलीतरी वेबवरून डेटा आणायची लायब्ररी इम्पोर्ट केली, ईमेलचा काही संबंध नाही. ती लायब्ररी आतून एचटीटीपी.क्लायंट वापरते, आणि एचटीटीपी.क्लायंटला हेडर वाचायला ईमेल.पार्सर लागतो. तो मागायला गेला की पायथन आधी ईमेल शोधतो, यादीत पहिलं फोल्डर तुमचं, तिथे ईमेल.पाय सापडली, आता त्यात पार्सर नावाचं सबमॉड्यूल कुठून आणणार, ती तर साधी फाइल आहे. एरर येतो: ईमेल.पार्सर नावाचं मॉड्यूल नाही, ईमेल हे पॅकेज (म्हणजे आत मॉड्यूल्स असलेलं फोल्डर) नाही. आणि ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे एररसोबत छापल्या जाणाऱ्या माहितीत, शेवटची ओळ दिसते ती पायथनच्या स्वतःच्या फाइलमधली, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मुद्दा असा की सिस.पाथ आणि सिस.मॉड्यूल्स ही अख्ख्या प्रोसेससाठी एकच असतात, प्रत्येक लायब्ररीला वेगळी नाही, त्यामुळे तुमच्या फोल्डरातलं नाव दुसऱ्याच्या कोडलाही आडवं येतं.

मग काहीजण म्हणतात आमच्याकडे टाइम.पाय आहे आणि काहीच बिघडलं नाही. बरोबर आहे, बिघडणार नाहीच, कारण नेहमीच्या पायथनमध्ये टाइम हे बिल्ट-इन असतं आणि बिल्ट-इनचा फाइंडर फोल्डरांच्या आधी उत्तर देऊन मोकळा होतो. इथे उलटं होतं, तुमची टाइम.पाय कधीच लोड होत नाही आणि तुम्ही तिच्यातलं फंक्शन शोधत बसता. ओएस.पाय चं पण तसंच, फक्त कारण वेगळं: ओएस मॉड्यूल पायथन सुरू होतानाच लोड झालेलं असतं, त्यामुळे तुमच्या इम्पोर्टला ते थेट डिक्शनरीतूनच मिळतं. आणि मॅथ तर त्याहून अवघड जागेचं दुखणं, काही बिल्डमध्ये ते बिल्ट-इन असतं आणि काहींमध्ये वेगळी एक्स्टेन्शन फाइल, म्हणून मॅथ.पाय नावाचा तोच प्रोजेक्ट एका मशीनवर चालेल आणि दुसऱ्यावर आपटेल. कोणती नावं बिल्ट-इन आहेत ते सिस.बिल्टइन_मॉड्यूल_नेम्स प्रिंट करून बघता येतं, आणि ३.१० पासून सिस.स्टडलिब_मॉड्यूल_नेम्स मध्ये स्टँडर्ड लायब्ररीतली जवळजवळ सगळी नावं मिळतात. नवीन फाइलला नाव देताना शंका आली तर या दुसऱ्या यादीत एकदा डोकावणं पुरेसं आहे.

यादीतला पहिला नंबर नेहमी स्क्रिप्टच्या फोल्डरचाच असतो असंही नाही. पायथन -एम लावून मॉड्यूल चालवलं तर तिथे तुम्ही टर्मिनलमध्ये ज्या फोल्डरात उभे आहात ते येतं. -सी ने, म्हणजे कोड थेट कमांडमध्येच लिहून चालवला किंवा नुसतं पायथन उघडून बसलात तरी तेच. म्हणून तोच कोड एका पद्धतीने चालवला तर चालतो आणि दुसऱ्या पद्धतीने चालवला तर भलतंच मॉड्यूल उचलतो, आणि लोक म्हणतात पायथन लहरी आहे. लहरी नाहीये, यादी बदलली. २०२२ च्या ३.११ मध्ये -पी हा कॅपिटल पी वाला ऑप्शन आला, आणि त्याच्याच जोडीला पायथनसेफपाथ हे व्हेरिएबल, ते लावलं की हे पहिलं फोल्डर यादीत घातलंच जात नाही. पण मग शेजारच्या तुमच्या स्वतःच्या फाइल्सही इम्पोर्ट होत नाहीत, त्यामुळे हा ऑप्शन इन्स्टॉल केलेली टूल्स चालवायला बरा, रोजच्या स्क्रिप्टिंगला नाही. माझ्या मते डिफॉल्ट उलटं असायला हवं होतं, पण आता ते बदललं तर किती स्क्रिप्ट मोडतील याची कल्पना केली की समजतं हात का लावत नाहीत ते.

एकाच फोल्डरात एकाच नावाचे दोन दावेदार असले तर? समजा युटिल्स नावाचं फोल्डर आहे, त्यात __इनिट__.पाय (नेहमीच्या पॅकेजची ओळख असलेली फाइल) आहे, आणि त्याच्याच शेजारी युटिल्स.पाय पण आहे. जिंकतं फोल्डर. म्हणजे पॅकेज आधी, मग कंपाइल केलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे .एसओ किंवा .पीवायडी, मग साधी .पाय आणि शेवटी .पायसी, म्हणजे बाइटकोडची फाइल. हे लक्षात ठेवायचं कारण मोठी झालेली फाइल फोडून फोल्डर करताना जुनी फाइल डिलीट करायची राहून जाते, मग लोक तिच्यात बदल करत राहतात आणि काहीच फरक पडत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

पण हे फोल्डर जिंकणार ते त्यात __इनिट__.पाय असेल तरच. २०१२ मध्ये ३.३ आलं तेव्हापासून ती फाइल नसलेलं फोल्डरही इम्पोर्ट करता येतं, त्याला नेमस्पेस पॅकेज म्हणतात, आणि त्याचे नियम अगदीच वेगळे आहेत. असं फोल्डर सापडलं तर पायथन थांबत नाही, तो त्याची फक्त नोंद ठेवतो आणि पुढे शोधत राहतो, अख्खी यादी संपेपर्यंत. मध्ये कुठेही त्या नावाचं खरं मॉड्यूल किंवा __इनिट__ वालं पॅकेज सापडलं तर ते जिंकतं, मग ते यादीत कितीही खाली का असेना. कुठेच नाही सापडलं तरच नोंदवलेली सगळी फोल्डर्स एकत्र जोडून एक पॅकेज बनवतो. ही सोय मुद्दाम केली आहे, एकाच मोठ्या नावाखाली वेगवेगळी पॅकेजेस वेगवेगळी इन्स्टॉल करता यावीत म्हणून. पण तिचा एक काटा फार जणांना टोचतो: तुम्ही टेस्ट नावाचं फोल्डर केलं, त्यात टेस्टच्या फाइल्स टाकल्या, __इनिट__ टाकायचं राहिलं. स्टँडर्ड लायब्ररीत टेस्ट नावाचं एक पॅकेज आधीपासून असतं, त्यात पायथनच्या स्वतःच्या चाचण्या असतात. आता यादीत तुमचं फोल्डर पहिलं असूनही ते हरतं! आधी सांगितलेल्या नियमाच्या बरोब्बर उलटं. टेस्ट्स असं अनेकवचनी नाव ठेवलं की हा त्रास टळतो, आणि बहुतेक प्रोजेक्टमध्ये तसंच दिसतं.

आतापर्यंत एका नावाच्या दोन फाइल्स बघितल्या. एका फाइलची दोन नावं हाही तेवढाच छळणारा प्रकार आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. डिक्शनरीत शोध नावाने होतो, फाइलच्या पत्त्याने नाही. तुम्ही अ‍ॅप.पाय चालवली, तिचं नाव झालं __मेन__. आता दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलने इम्पोर्ट अ‍ॅप केलं, तर डिक्शनरीत अ‍ॅप नाहीये, म्हणून तीच फाइल दुसऱ्यांदा लोड होते, वेगळ्या नावाने, आणि तिच्यातला प्रत्येक क्लास, प्रत्येक ग्लोबल व्हेरिएबल आता दोन-दोन झाले. अ‍ॅपमध्ये युजर नावाचा क्लास असेल तर __मेन__ चा युजर वेगळा आणि अ‍ॅपचा युजर वेगळा, आयएसइन्स्टन्सने तपासलं तर फॉल्स येतं, प्रिंट केलं तर जवळजवळ सारखं दिसतं. एका बाजूला सेट केलेली कॉन्फिगरेशन दुसऱ्या बाजूला रिकामी दिसते. हेच प्रोजेक्टचं मुख्य फोल्डर आणि त्याच्या आतलं फोल्डर, दोन्ही सिस.पाथ मध्ये घातल्यावर होतं, मग कोणी पॅकेज.मॉडेल्स म्हणून इम्पोर्ट करतं, कोणी नुसतं मॉडेल्स म्हणून, फाइल एकच, मॉड्यूल्स दोन. सिस.पाथ.अपेंड लिहून तात्पुरता प्रश्न सोडवायची सवय इथे महागात पडते. दुसऱ्या मॉड्यूल्सना लागणारे क्लास चालवायच्या फाइलमध्ये ठेवायचेच नाहीत, तिथे फक्त सुरुवात करायची, हा त्यावरचा साधा उपाय.

पायटेस्ट हे चाचण्या चालवायचं टूल वापरणाऱ्यांना याचा उलटा प्रकार कधीतरी दिसला असेल. दोन वेगळ्या फोल्डरांत टेस्ट_युटिल्स.पाय अशी एकाच नावाची फाइल आहे, फोल्डरांत __इनिट__ नाही, तर डिफॉल्ट पद्धतीत पायटेस्ट दोन्हींना टेस्ट_युटिल्स याच नावाने इम्पोर्ट करू बघतो, दुसऱ्या वेळी डिक्शनरीतून पहिलीच फाइल परत येते, आणि पायटेस्ट फाइलचा पत्ता तपासतो म्हणून त्याला ते कळतं आणि तो इम्पोर्ट फाइल मिसमॅच म्हणून थांबतो. पायथन स्वतः हा पत्ता तपासत नाही, हे टूल तपासतं.

जुन्या पायथन २ मध्ये या सगळ्यावर अजून एक थर होता. पॅकेजच्या आतल्या फाइलमध्ये इम्पोर्ट स्ट्रिंग लिहिलं तर तो आधी त्याच पॅकेजमध्ये स्ट्रिंग.पाय शोधायचा आणि मग बाहेर, त्यामुळे पॅकेजच्या आत एखादं नाव घेतलं की बाहेरच्याकडे पोचायचा रस्ताच बंद. पेप ३२८ या पायथनच्या बदल-प्रस्तावाने हे बदललं, २००६ च्या २.५ मध्ये ते ऐच्छिक आलं आणि २००८ च्या ३.० मध्ये कायमचं झालं. तेव्हापासून नुसतं नाव म्हणजे सिस.पाथ वरून, आणि आपल्याच पॅकेजमधलं हवं असेल तर पुढे टिंब लावायचं, फ्रॉम . इम्पोर्ट स्ट्रिंग असं. टिंबवाला इम्पोर्ट पॅकेजच्या बाहेर बघतच नाही, म्हणून पॅकेजच्या आत स्ट्रिंग किंवा ईमेल अशी नावं ठेवली तरी चालतं. फक्त ती आतली फाइल थेट स्क्रिप्ट म्हणून चालवायची नाही, नाहीतर तिचं फोल्डर यादीत पहिलं येऊन बसतं आणि टिंबवाले इम्पोर्टही मोडतात.

बरं, मॉड्यूल बरोबर सापडलं तरी त्यानंतर नावांची टक्कर होऊ शकते, तुमच्याच फाइलच्या आत. इम्पोर्ट हे शेवटी एक असाइनमेंट आहे. इम्पोर्ट डेटटाइम लिहिलं की डेटटाइम नावाच्या व्हेरिएबलमध्ये मॉड्यूल आलं, खाली कुठेतरी कोणी फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेटटाइम लिहिलं की त्याच नावात आता क्लास आला, आणि डेटटाइम.डेटटाइम.नाउ() वाली जुनी ओळ पडली. शेवटची ओळ जिंकते, बस. म्हणून बरेच जण इम्पोर्ट डेटटाइम अ‍ॅज डीटी लिहितात आणि ते खरंच चांगलं आहे. स्टार इम्पोर्टचं तर बघायलाच नको. फ्रॉम ओएस इम्पोर्ट * केलं की ओएसचं ओपन येऊन नेहमीच्या बिल्ट-इन ओपनला झाकतं, मग फाइल उघडायला गेलात की एरर येतो की फ्लॅग्स नावाचं आर्ग्युमेंट दिलं नाही, आणि तुम्ही विचार करत बसता की फाइल उघडायला फ्लॅग्स कधीपासून लागायला लागले.

पॅकेजच्या बाबतीत यातलं एक नाजूक प्रकरण आहे. सबमॉड्यूल लोड झालं की पायथन ते पालक पॅकेजवर अ‍ॅट्रिब्यूट म्हणून चिकटवतो. समजा टूल्स पॅकेजच्या __इनिट__ मध्ये क्लीन नावाचं फंक्शन लिहिलंय आणि त्याच पॅकेजमध्ये क्लीन.पाय पण आहे. जोपर्यंत कोणी क्लीन.पाय इम्पोर्ट करत नाही तोपर्यंत टूल्स.क्लीन म्हणजे फंक्शन. ज्या क्षणी कुठल्यातरी कोपऱ्यात इम्पोर्ट टूल्स.क्लीन झालं, टूल्स.क्लीन म्हणजे मॉड्यूल झालं आणि टूल्स.क्लीन() ला एरर यायला लागला की मॉड्यूल कॉल करता येत नाही. __इनिट__ मध्येच फ्रॉम .क्लीन इम्पोर्ट क्लीन असेल तर उलटं, मॉड्यूल आधी चिकटतं आणि त्यावर फंक्शन बसतं, ते पुढे टिकतं. म्हणजे निकाल कोणती ओळ आधी चालली यावर. फंक्शन आणि फाइलला एकच नाव द्यायचा मोह होतो, तेव्हा निदान फाइलच्या नावापुढे एक अंडरस्कोर लावावा.

आता प्रोजेक्टच्या बाहेर येऊ, पिपकडे. इथे एक गोष्ट लोकांना माहीत असते पण तिचा परिणाम माहीत नसतो: इन्स्टॉल करायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिलो इन्स्टॉल करतो आणि इम्पोर्ट करतो पीआयएल, ब्यूटिफुलसूप४ आणतो आणि लिहितो बीएस४, पायवायएएमएल आणतो आणि लिहितो वायएएमएल. पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पॅकेजेस आणतो त्या सार्वजनिक साठ्यावर, इन्स्टॉलची नावं एकमेव असतात, कॅपिटल-स्मॉल आणि डॅश-अंडरस्कोर-टिंब यांचा फरकही तिथे धरत नाहीत. पण इम्पोर्टची नावं एकमेव असावीत अशी सक्ती कुठेच नाही. म्हणून जेडब्ल्यूटी आणि पायजेडब्ल्यूटी ही दोन वेगळी पॅकेजेस दोन्ही जेडब्ल्यूटी याच नावाचं फोल्डर साइट-पॅकेजेसमध्ये टाकतात. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करायच्या लायब्ररीची साधी आणि हेडलेस, म्हणजे स्क्रीन नसलेल्या मशीनसाठीची, आवृत्ती दोन्ही सीव्ही२ टाकतात. दोन्ही इन्स्टॉल केली तर पिप काही न बोलता दुसऱ्याच्या फाइल्स पहिल्यावर लिहितो. आणि एक अनइन्स्टॉल केलं तर त्या सामायिक फाइल्स निघून जातात, दुसरं पॅकेज पिपच्या यादीत दिसत राहतं पण आतून पोखरलेलं. अशा वेळी दोन्ही काढून हवं ते एकच परत टाकणं हाच सरळ मार्ग. एन्व्हायर्नमेंटमध्ये असं काही झालंय का ते शोधायला इम्पोर्टलिब.मेटाडेटा मधलं पॅकेजेस_डिस्ट्रिब्युशन्स() हे फंक्शन आहे, ३.१० पासून, ते प्रत्येक इम्पोर्ट नावासमोर ते कोणी आणलं त्याची यादी देतं. नेमस्पेस पॅकेज नसताना एका नावासमोर दोन वेगळी नावं दिसली की समजा.

नावाची टक्कर इथे सुरक्षेचा प्रश्न बनते. कंपन्या स्वतःची खाजगी पॅकेजेस स्वतःच्या इंडेक्सवर, म्हणजे पायपीआयसारख्याच स्वतःच्या साठ्यावर, ठेवतात आणि पिपला एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल देऊन सांगतात की इथेही बघ. पिप दोन्ही इंडेक्सना सारखंच मानतो, त्या नावाचं सगळ्यात वरचं व्हर्जन जिथे असेल तिथून आणतो. मग बाहेरच्या कोणी तेच नाव पायपीआयवर मोठा व्हर्जन नंबर लावून टाकलं तर? २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिरसान या संशोधकाने जाहीर केलं की हीच युक्ती वापरून त्याने ३५ हून जास्त कंपन्यांच्या आत आपला निरुपद्रवी कोड चालवला होता, याला डिपेंडन्सी कन्फ्यूजन म्हणतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या नाइटली, म्हणजे रोज बनणाऱ्या चाचणीच्या, आवृत्तीला हाच फटका बसला: टॉर्चट्रायटन नावाचं त्यांचं पॅकेज त्यांच्या इंडेक्सवर होतं, त्याच नावाचं दुष्ट पॅकेज कोणीतरी पायपीआयवर टाकलं, आणि २५ ते ३० डिसेंबर दरम्यान लिनक्सवर पिपने ज्यांनी नाइटली टाकली त्यांना ते मिळालं. इथे पायथनचा पहिलं-सापडेल-ते नियम उलट सुरक्षित ठरला असता. यूव्ही हे पिपच्या जागी वापरता येणारं नवं टूल डिफॉल्टमध्ये तेच करतं, ज्या पहिल्या इंडेक्सवर नाव सापडलं तिथेच थांबतं.

बाकीच्या भाषा काय करतात हे थोडक्यात. नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवताना, एफएस वगैरे कोअर मॉड्यूल्स नेहमी जिंकतात, आणि प्रत्येक पॅकेजच्या पोटात त्याचं वेगळं नोड_मॉड्यूल्स असू शकतं, त्यामुळे एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स सुखाने नांदतात, जे पायथनमध्ये शक्य नाही कारण डिक्शनरी एकच. गोमध्ये इम्पोर्ट पूर्ण पाथने होतो, एका फाइलमध्ये दोन पॅकेजेसचं नाव सारखं निघालं तर कंपाइलर थांबवतो आणि तुम्हाला एकाला दुसरं नाव द्यावंच लागतं. जावात जावा.युटिल आणि जावा.एडब्ल्यूटी दोन्ही स्टारने आणून लिस्ट लिहिलं तर लिस्ट संदिग्ध आहे म्हणून कंपाइल होत नाही. पण तोच जावा क्लासपाथवर (त्याच्या शोधायच्या यादीत) दोन जारमध्ये, म्हणजे कोडच्या गठ्ठा-फाइल्समध्ये, एकच क्लास असेल तर पहिला उचलून गप्प बसतो, तेव्हा फार नावं ठेवायचं कारण नाही.

शेवटी शंका आली तर अंदाज करत बसू नका, मॉड्यूललाच विचारा. प्रिंट(रँडम.__फाइल__) ही एक ओळ ती फाइल नक्की कुठून आली ते सांगते. बिल्ट-इनला __फाइल__ नसतंच, तिथे एरर येईल आणि तेच उत्तर समजायचं. मॉड्यूल चालवायचं नसेल, नुसतं कुठलं सापडेल ते बघायचं असेल, तर इम्पोर्टलिब.युटिल.फाइंड_स्पेक('रँडम').ओरिजिन. हे -सी लावून टर्मिनलमधून विचारत असाल तर स्क्रिप्ट ज्या फोल्डरात आहे तिथे जाऊनच विचारा, नाहीतर यादीतलं पहिलं फोल्डर वेगळं असेल आणि उत्तर बरोबर येऊनही तुमच्या प्रोग्रॅमला लागू होणार नाही.